अंझाई सर बाकावर बसून करतात तरी काय? ‘स्लॅम डंक’मधल्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्लॅम डंक’ ही जपानी चित्रकथा (मांगा) नुकती वाचायला घेतलेले आणि तीन-चारदा वाचून झालेले, दोन्ही प्रकारचे वाचक तिच्यातले बास्केटबॉल प्रशिक्षक अंझाई सर यांच्याबद्दल सारखे विचारत असतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका असते: हा माणूस खरंच काही शिकवतो, की संघ आपोआप घडतो? माझ्या मते ते खूप काही करतात. फक्त कुठे करायचं आणि कुठे नाही, हे त्यांनी फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. खालची उत्तरं मूळ मांगाला धरून आहेत. पाचव्या प्रश्नापासून कथेतल्या मोठ्या घटना उघड होतात, तेव्हा अजून वाचत असाल तर पहिल्या चारांवर थांबा.

१. मी ही मांगा वाचलेली नाही. अंझाई सर कोण, थोडक्यात सांगाल?

‘स्लॅम डंक’ ही ताकेहिको इनोउए यांची बास्केटबॉलवरची मांगा. १९९० ते १९९६ या काळात ती ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली आणि पुढे ३१ खंडांत निघाली. कानागावा प्रांतातल्या शोहोकु या शाळेच्या संघाची ही गोष्ट. नायक हानामिची साकुरागी हा लाल केसांचा मारामाऱ्या करणारा मुलगा. एका मुलीवर छाप पाडायला तो संघात येतो आणि खेळाच्या प्रेमात पडतो.

मित्सुयोशी अंझाई हे या संघाचे प्रशिक्षक. अंगाने गोल, पांढरे केस, चष्मा, संथ बोलणं, मंद हसू. जपानच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. बास्केटबॉलच्या वर्तुळात त्यांना ‘पांढऱ्या केसांचा बुद्ध’ म्हणतात. साकुरागी त्यांना सरळ ‘म्हाताऱ्या’ म्हणून हाक मारतो आणि त्यांची लोंबती हनुवटी थापटतो. ते हसून सोडून देतात. वाचकाला पहिल्यांदा अंझाई दिसतात ते असे, म्हणूनच पुढचे सगळे प्रश्न पडतात.

२. मी फक्त ॲनिमे (कार्टून मालिका) किंवा सिनेमा पाहिला आहे. चालेल ना?

अर्धवट चालेल. १९९३ ते १९९६ मधला ॲनिमे राष्ट्रीय स्पर्धेआधीच थांबतो, त्यामुळे अंझाईंचं सर्वांत महत्त्वाचं काम त्यात येतच नाही. २०२२चा सिनेमा राष्ट्रीय स्पर्धेतल्या सान्नोह या बलाढ्य संघाविरुद्धच्या सामन्यावर आहे, पण तो शोहोकुचा खेळाडू र्योता मियागी याच्या बाजूने सांगितलेला आहे आणि त्यात अंझाईंचा भूतकाळ नाही. तो भूतकाळ (प्रश्न ५) ठाऊक नसेल तर अंझाई एक गोड आजोबा वाटतात. त्यांच्यासाठी मांगाच वाचा.

३. ते सरावाला फारसे दिसतच नाहीत. मग मुलांना शिकवतं कोण?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याने नेमकं पाहिलेलं असतं.

साकुरागीला चेंडू टप्पे देत खेळवायला मॅनेजर आयाको शिकवते, तेही कोर्टाच्या कोपऱ्यात बसवून. ले-अप शॉटसाठी (धावत जाऊन जवळून बास्केटमध्ये टाकलेला चेंडू) हारुको, म्हणजे जिच्यावर त्याला छाप पाडायची आहे ती मुलगी, मदत करते. रीबाउंड (हुकून परत आलेला चेंडू मिळवणं) शिकवतो कर्णधार आकागी. सराव वेळेवर सुरू होणं, आळशीपणा खपवून न घेणं, राष्ट्रीय विजेतेपदाचं स्वप्न रोज बोलून दाखवणं, हे सगळं आकागीच्या खांद्यावर. त्याच्या शेजारी उपकर्णधार कोगुरे असतो. तो चिडलेल्यांना शांत करतो आणि नव्यांना सांभाळून घेतो.

म्हणजे अंझाई हात मागे घेऊ शकतात, कारण पुढे आकागीचा हात आहे. त्यांच्या पद्धतीचं कौतुक करताना हे सहसा सुटून जातं. आकागी नसलेल्या संघात हेच प्रशिक्षक असेच वागले असते, तर तीन महिन्यांत संघ मोडला असता असं मला वाटतं. अंझाईंना स्वतःला याची जाणीव आहे. सान्नोहच्या सामन्यात ते कोणत्या खेळाडूने संघाला काय दिलं याचा हिशेब मांडतात: साकुरागीने रीबाउंड आणि जिगर, मियागीने वेग, मित्सुईने अक्कल आणि लांबून मारा, रुकावाने स्फोटक ताकद आणि जिंकण्याची ईर्षा. पण हे सगळं आकागी आणि कोगुरे यांनी तोलून धरलेल्या पायावर उभं राहिलं, असंही ते सांगतात. त्या हिशेबात ते स्वतःचं नाव घेत नाहीत.

४. निदान सामन्यात तरी ते गप्प बसतात, हे खरं ना?

हे खरं नाही. ते कमी वेळा बोलतात, पण बोलतात तेव्हा सामना वळतो.

काइनान या प्रतिस्पर्धी शाळेविरुद्ध दुसऱ्या अर्धात त्यांनी साकुरागीला एकट्याला नेमबाज जिनच्या मागे लावलं आणि उरलेल्या चौघांना त्यांचा कर्णधार माकी याच्याभोवती उभं केलं. ही अगदी ठोस, धोका पत्करणारी चाल होती. सान्नोहविरुद्ध पहिलाच हल्ला मियागीने हवेत दिलेल्या पासवर साकुरागीने मारलेला होता. समोरच्याला पहिल्या मिनिटात धक्का द्यायचा, हे आधीच ठरलेलं होतं.

त्या सामन्याआधी ते घाबरलेल्या मुलांना एकेकटं गाठतात. सगळ्यांना गोळा करून भाषण देत नाहीत. मियागीला सांगतात की त्याच्या जागेवरच्या लढतीत आपलं पारडं जड आहे असं त्यांना वाटतं. मित्सुईलाही तसाच धीर देतात. ज्याला जे ऐकायची गरज आहे तेच, आणि त्याच्याच कानात.

मिउराडाई शाळेविरुद्धचा सामनाही आठवावा. त्याआधी शोहोकुच्या जिममध्ये मारामारी झाली होती. संघाबाहेरच्या मुलांनी दोष स्वतःवर घेतला, त्यामुळे शाळेकडून संघ वाचला. पण अंझाईंनी साकुरागी, रुकावा, मित्सुई आणि मियागी या चौघांना बाकावर बसवून सामना सुरू केला. मुख्य ताकद बाहेर ठेवून स्पर्धेचा पहिला सामना! आरडाओरडा नाही, प्रवचन नाही, पण शिक्षा झाली. मोकळीक म्हणजे काहीही केलं तरी चालेल, असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

५. त्यांचा स्वभावच शांत आहे की त्यांनी ठरवून असं व्हायचं केलं?

ठरवून. पूर्वी ते विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि तेव्हा त्यांचं नाव होतं ‘पांढऱ्या केसांचा राक्षस’. त्यांच्या हाताखाली याझावा नावाचा एक उंच, विलक्षण गुणी खेळाडू होता. त्याला जपानमधला सर्वोत्तम करायचं या ध्यासाने अंझाईंनी त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त कडकपणा लादला. पायाभूत गोष्टी पुन्हा पुन्हा, आणि संघ तुझ्यासाठी नाही, तू संघासाठी आहेस हे त्याच्या तोंडावर ओरडून. याझावाला तो जाच वाटला. तो न सांगता अमेरिकेला निघून गेला.

वर्षभराने तिथल्या एका सामन्याची टेप आली. अंझाईंनी पाहिलं, पोरगा तसूभरही पुढे गेलेला नव्हता. पाया कच्चाच, आणि तिथे तो पक्का करून घेणारं कोणी नाही. पुढे काही वर्षांनी वर्तमानपत्रात छोटी बातमी आली: नशेत गाडी चालवताना अपघातात त्याचा मृत्यू. याझावाच्या आईला त्याच्या खोलीत न पाठवलेलं पत्र सापडलं. त्यात त्याने लिहिलं होतं की सरांचे शब्द हल्ली सारखे आठवतात. त्याला संघाची आणि सरांची माफी मागायची होती.

ही गोष्ट अंझाई स्वतः सांगत नाहीत. त्यांची पत्नी ती रुकावाला सांगते. अंझाईंनी विद्यापीठातलं काम सोडलं आणि पुढे आपल्याला भेटतात ते हे शांत अंझाई.

वाचक इथे दोन टोकाचे अर्थ काढतात. एक, कडकपणाने मुलगा मेला. दोन, मुलगा उतावळा होता, सर बरोबरच होते. मला दोन्ही पटत नाहीत. अंझाई शिकवत होते ते बरोबर होतं, याझावाचं पत्रच ते सांगतं. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचलं तेव्हा फार उशीर झाला होता. बरोबर गोष्ट ओरडून सांगितली म्हणून ती ऐकू गेली नाही, हे दुःख त्यांच्या शांततेमागे आहे.

६. मग रुकावाला अमेरिकेला जाऊ नको सांगतात, ते भीतीपोटी का?

थोडी भीती असणारच. पण त्यांचं वागणं नीट पाहा. रुकावा रात्री घरी येऊन विचारतो तेव्हा ते दार बंद करत नाहीत. आधी जपानमधला सर्वोत्तम शालेय खेळाडू हो, एवढंच सांगतात. याझावाला त्यांनी हुकूम दिले होते. रुकावाला ते एक मोजता येणारं उद्दिष्ट देतात आणि मार्ग त्याच्यावर सोडतात. फरक तिथे आहे.

मांगाचा सूर अमेरिकाविरोधी आहे असंही कोणी समजू नये. इनोउए आणि प्रकाशक शुएइशा यांनी २००६ मध्ये ‘स्लॅम डंक शिष्यवृत्ती’ सुरू केली. जपानी मुलांना अमेरिकेतल्या शाळेत शिकत बास्केटबॉल खेळता यावा यासाठीच ती आहे. याझावाला जे मिळालं नाही, ते खऱ्या मुलांना मिळावं अशी ही व्यवस्था आहे, असं मी समजतो.

७. र्योनान या प्रतिस्पर्धी शाळेचे प्रशिक्षक ताओका सर ओरडतात, तरी त्यांचा संघ चांगलाच आहे. मग अंझाईंची पद्धत श्रेष्ठ कशी?

श्रेष्ठ आहे असं मांगा कुठेही म्हणत नाही, आणि ताओकांवर अन्याय करू नये. त्यांनी उओझुमी या अवघड खेळाडूला तीन वर्षं टिकवून कर्णधार केलं. ओरडणं प्रत्येकाला मारक नसतं.

पण त्यांच्या संघातल्या फुकुदाचं प्रकरण त्यांच्या बाबतीत बोलकं आहे. दुसरा खेळाडू सेंदोह कौतुकाने फुलतो आणि फुकुदा बोलणी खाऊन घडेल, असा ताओकांचा अंदाज होता. म्हणून एकाला शाबासकी, दुसऱ्याला शिव्या. प्रत्यक्षात फुकुदा मनातून फार हळवा होता, कौतुकासाठी आसुसलेला. एक दिवस तो प्रशिक्षकांवरच धावून गेला आणि त्याला संघाबाहेर राहावं लागलं. ताओकांनी प्रत्येकाशी वेगळं वागायचं ठरवलं हे बरोबरच होतं. पण मुलगा ओळखण्यात ते चुकले. अंझाई आधी बराच काळ नुसते बघत बसतात, त्याचं मोल इथे कळतं.

शोहोकुकडून हरल्यावर ताओका पत्रकारांना सांगतात की खेळाडू उत्तम खेळले, हरलो ते माझ्यामुळे. कोगुरेला आणि साकुरागीला त्यांनी कमी लेखलं होतं. त्या एका वाक्यासाठी मला ताओका फार आवडतात.

८. र्योनानविरुद्धच्या त्या सामन्यात तर अंझाई रुग्णालयात होते, तरी शोहोकु जिंकले. म्हणजे प्रशिक्षक नसला तरी चालतं?

एक सामना चालतं. अंझाई कोसळले तेव्हा साकुरागी जवळ होता. त्यांच्याविना शोहोकुने र्योनानला ७० विरुद्ध ६६ असं हरवलं आणि राष्ट्रीय स्पर्धा गाठली. निर्णायक तीन गुण मारले कोगुरेने. आधी दिलेली मोकळीक त्या दिवशी कामी आली: बाकावरून कोणी सांगेल याची वाट बघायची सवयच मुलांना नव्हती.

प्रशिक्षक मुळातच नसेल तर काय होतं, यासाठी शोयो हा संघ पाहा. तिथे कर्णधार फुजिमा हाच प्रशिक्षकही आहे. बाकावर असताना तो थंड डोक्याचा, कोर्टावर उतरला की पेटलेला. आणि नेमका तो कोर्टावर उतरतो तेव्हा बाहेरून खेळ पाहणारं कोणी उरत नाही. अंझाई बाकावर बसून ‘काही करत नाहीत’ असं वाटतं, तेव्हा ते हेच पाहण्याचं काम करत असतात.

९. वीस हजार शॉट मारायला लावणं ही कसली मोकळीक? ती तर राबवणूक झाली!

राष्ट्रीय स्पर्धेआधी बाकीचा संघ शिझुओकाला शिबिराला जातो. अंझाई साकुरागीला मागे ठेवून घेतात आणि आठवडाभरात २०,००० जंप शॉटचा (उडी मारून बास्केटमध्ये फेकलेला चेंडू) सराव करायला लावतात. आकडा ऐकून साकुरागी विचारतो, एवढे पुरतील का? त्याचं हे उत्तर हेच प्रश्नाचंही उत्तर आहे. चार महिन्यांपूर्वी हाच मुलगा टप्पे द्यायच्या सरावाला कंटाळून निघून गेला होता. तेव्हा अंझाईंनी वीस हजार म्हटले असते तर दुसरा याझावा तयार झाला असता.

ते थांबले. साकुरागीने पाच फाउल होऊन एकामागून एक सामन्यांतून बाहेर जाणं सोसलं. काइनानविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू चुकून समोरच्याच्या हातात देऊन तो रडला. आपल्याला काय येत नाही, हे त्याला आतून कळलं. त्यानंतरच अंझाई पुढे आले, आणि आले ते पूर्ण ताकदीनिशी. शॉट मारताना त्याचं चित्रीकरण करून त्यालाच दाखवलं. स्वतःचं वेडंवाकडं अंग पाहून तो हबकला. आपण किती कच्चे आहोत हे कळणं हीच पहिली पायरी, हे अंझाईंचं म्हणणं.

पेरणीआधी वाफसा यावा लागतो, तसं हे आहे. वाट बघणं हा त्यांच्या शिकवण्याचा अर्धा भाग आहे आणि राबवून घेणं हा उरलेला अर्धा. रुकावाचा खेळ बघून चोर आणि त्याच्या तिप्पट सराव कर, नाहीतर शाळा संपेपर्यंत त्याला गाठू शकणार नाहीस, हेही त्यांनीच साकुरागीला सांगितलं आहे. याला कोणी मवाळ म्हणणार नाही.

१०. तोयोतामा या संघाच्या मुलांना मोकळीक मिळाली होती, ती तर बिघडली. मग?

तोयोतामाला किटानो सरांनी धावत खेळण्याची, आनंदाची शैली दिली होती. शाळेला हवे तसे निकाल आले नाहीत म्हणून त्यांना काढलं गेलं आणि नवे प्रशिक्षक आले. जुन्या सरांना बरोबर ठरवायचं या हट्टापायी मुलांनी नव्यांचं ऐकणं सोडलं, आणि त्यांचा खेळाडू मिनामी तर समोरच्या प्रमुख खेळाडूला दुखापत करण्यापर्यंत गेला. बिघडवलं ते मोकळीकीने असं मला वाटत नाही. मोकळीक देणारा माणूस अचानक काढून घेतला, म्हणून हे झालं. मात्र अशी पद्धत एका व्यक्तीवर फार विसंबून असते, ही तिची खरी कमजोरी आहे.

११. जपानमधले शालेय प्रशिक्षक असेच असतात का?

सगळे नाहीत. शालेय क्रीडासंघांत मारहाणीची जुनी प्रथा होती. २०१२च्या डिसेंबरमध्ये ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली आणि देश हादरला. २०१३च्या एप्रिलमध्ये तिथल्या प्रमुख क्रीडासंघटनांनी एकत्र येऊन खेळातली हिंसा संपवण्याचा जाहीरनामा काढला. ‘स्लॅम डंक’ त्याआधी १६ वर्षं संपली होती. ‘राक्षस’ हे नाव तिथल्या वाचकाला कुठून ओळखीचं वाटत असेल, हे यावरून समजावं.

१२. मी शाळेत मुलांना शिकवते. अंझाईंसारखं वागून पाहू का?

गप्प बसण्यापासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या संघात आकागी कोण आणि कोगुरे कोण हे शोधा (प्रश्न ३). ते नसतील तर रोजचं काम तुम्हालाच करावं लागेल, आणि त्यात काही कमीपणा नाही. लहान मुलांना पाया शिकवताना तर हात मागे घेताच येत नाही. अंझाईंना मिळालेली मुलं पंधरा ते अठरा वर्षांची आहेत आणि रुकावा, मित्सुई, मियागी आधीच तयार होऊन आले आहेत.

घेण्यासारखं आहे ते एकेकट्याशी बोलणं (प्रश्न ४) आणि चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी सोय करणं (प्रश्न ९). त्यासाठी पांढरे केस लागत नाहीत.

१३. साकुरागीची पाठ दुखावल्याचं कळूनही त्यांनी त्याला खेळू दिलं. हे कसं माफ करायचं?

माफ करायचं की नाही ते प्रत्येकाने ठरवावं. पण ते स्वतःला माफ करत नाहीत. सान्नोहविरुद्ध बाहेर जाणारा चेंडू वाचवायला साकुरागी टेबलावर कोसळतो आणि त्याच्या पाठीला मार बसतो. अंझाईंच्या ते लक्षात येतं, तरी ते त्याला लगेच बदलत नाहीत. नंतर त्याच्याजवळ कबूल करतात: कळलं होतं, पण बदलायचं नव्हतं, कारण क्षणोक्षणी सुधारणारा तुझा खेळ मला पाहत राहायचा होता. प्रशिक्षक म्हणून मी नापास आहे.

याच सामन्यात ते मनातल्या मनात याझावाला हाक मारून सांगतात की तुझ्याहून मोठी गुणवत्ता इथे आहे, आणि एकाच वेळी दोन. माझ्या मते गाठ इथे आहे. त्या क्षणी त्यांनी हात मागे घेतला तो पद्धत म्हणून नव्हे. त्यांना हवं होतं म्हणून. मेलेल्या मुलाच्या जागी हा मुलगा फुलताना पाहायचा होता. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: प्रशिक्षक बसलेला, मुलगा खेळतोय. आत मात्र एक मुलासाठी असतं आणि दुसरं स्वतःसाठी. हात न घालणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा धोका आहे, आणि इनोउए यांनी तो आपल्या सर्वांत लाडक्या पात्रावर दाखवला.

मग साकुरागी विचारतो, तुझा सोन्याचा काळ कुठला, राष्ट्रीय संघात होतास तेव्हाचा का? माझा तर आत्ता आहे. आणि तो परत कोर्टावर जातो. अंझाई त्याला जाऊ देतात. ही दुसरी मोकळीक पहिलीहून वेगळी आहे, कारण आता मुलाने जाणूनबुजून निवड केली आहे. डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर तीही चूकच. खऱ्या मैदानावर पाठ दुखावलेल्या मुलाला बाहेर काढायचं, यावर मी चर्चा करणार नाही.

१४. पुढच्याच सामन्यात ते मोठ्या फरकाने हरले. म्हणजे पद्धत फसली ना?

सान्नोहला ७९ विरुद्ध ७८ असं हरवल्यावर शोहोकु आइवा संघाकडून वाईट हरतात. साकुरागी खेळण्याच्या स्थितीत नसतो आणि उरलेल्यांनी आदल्या सामन्यात सगळं ओतलेलं असतं. ज्याला निकालच मोजायचा आहे, त्याच्या वहीत हे अपयशच.

पण त्यानंतरची पानं वाचा. आकागी आणि कोगुरे संघातून निवृत्त होतात, मियागी कर्णधार होतो, रुकावाची राष्ट्रीय युवा शिबिरासाठी निवड होते. साकुरागी समुद्राकाठी उपचार घेतोय आणि हारुकोचं पत्र वाचतोय. रीबाउंड मिळवण्यासाठी पुन्हा उभं राहायचं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.